मौनफेरीचं शेपूट

आमच्या रविवारच्या फेरीत सगळ्यात शेवटी चालणाऱ्या माणसाला ‘शेपूट’ म्हणत. हे काम आळीपाळीनं पुष्कळांनी केलं. सुरुवातीच्या काळात सगळ्यात जास्त मी केलं, आणि सगळ्यात वाईटही मीच केलं. त्याबद्दल थोडं त्या वेळी बोललो, थोडं दडवलं. जे दडवलं ते लिहून टाकावं म्हणून बसलोय.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. वर्ध्याच्या बाजारात माझं भांड्यांचं दुकान, वडिलांकडून आलेलं. दिवसभर गादीवर बसायचं, गिऱ्हाइकापुरतं बोलायचं, आणि गालात खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटतात तो खर्रा. आमच्याकडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण बाहेरचं कोणी वाचत असेल तर असू द्या. चाळिशी ओलांडली आणि डोकं जड राहायला लागलं, झोप उडाली. डॉक्टरांनी हाताला पट्टा बांधला, फुगा दाबला, आणि माझ्याकडे न बघता बायकोला म्हणाले, “खर्रा बंद. आणि रोज चालायला पाठवा. एकटे नका पाठवू, एकटे गेले तर पानठेल्यापर्यंतच जातील.”

त्यांनीच सरांचं सांगितलं. सर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून रिटायर झालेले. बायको गेली, मुलगी लांब. घरात बसवेना म्हणून त्यांनी दर रविवारी सकाळी माणसं घेऊन रानातून चालायला सुरुवात केली होती. फी नाही, नाव नोंदवणं नाही. नालवाडीच्या टोकाला सहा वाजता उभं राहायचं. तिथून पांदणीनं शेतांमधून, एक नाला ओलांडून, पलीकडच्या झुडपी माळाला वळसा घालून एका जुन्या पडीक विहिरीपाशी पोचायचं. भराभर चाललं तर पाऊण तासाचं अंतर. आम्हाला दीड तास लागायचा. कारण सर मधेच हात वर करायचे आणि सगळ्यांनी जिथं असतील तिथं डोळे मिटून उभं राहायचं. कुठं चपला हातात घेऊन दवाच्या गवतातून चालायचं. कुठं पळसाच्या नाहीतर बाभळीच्या खोडावर तळहात टेकून राहायचं. आणि निघाल्यापासून विहिरीपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही.

पहिल्या दिवशी निघताना सर म्हणाले, “पाय पायांचं काम करतील. तुम्ही त्यांच्या कामात तोंड घालू नका.”

मला मनातून हसू आलं. चौदा-पंधरा मोठी माणसं मुकाट्यानं एकामागं एक चाललीत, आणि गुराख्यासारखे सर पुढं! घरी आल्यावर बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, “मौन पाळायला तिथवर जायचं काय काम होतं? घरी तरी कुठं बोलता तुम्ही?”

पण दुसऱ्या रविवारी गेलो, तिसऱ्या रविवारीही गेलो. का, ते नीट सांगता येत नाही. दुकानात आयुष्यभर भांड्यांचा खणखणाट ऐकलेल्या माणसाला तुरीच्या शेतात वाऱ्याचा आवाज येतो आणि कपाशीच्या शेतात तो वेगळा येतो, हे कळायला बेचाळीस वर्षं लागली. पायाखालून लावा पक्षी भर्रकन उडाला की छातीत धस्स व्हायचं, आणि मग सगळे न बोलता एकमेकांकडे बघून हसायचे. ओळख ना पाळख, असे आम्ही एकमेकांचे झालो ते अशा हसण्यातून. रात्री झोप लागायला लागली. डॉक्टरांचा फुगा खाली उतरला.

विहिरीच्या कट्ट्यावर पोचलं की मौन सुटायचं. गोल करून बसायचं आणि प्रत्येकानं वाटेत पाहिलेली किंवा ऐकलेली एकच गोष्ट सांगायची. एक बँकवाले साहेब होते, जाडजूड, हसरे. त्यांची गोष्ट बहुतेक ठरलेली, “मले माह्या पोटाचा आवाज आला जी.” मग डबे उघडायचे. कोणाचे पोहे, कोणाचा चिवडा, हिवाळ्यात ओला हरभरा.

आणि सिस्टरबाई. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या, रिटायर होऊन नालवाडीतच मुलाकडे राहायच्या. आमच्या फेरीची वाट त्यांच्या घरामागूनच जायची. त्या बौद्ध, आणि नुसत्या नावाला नाहीत. दहा-दहा दिवस मौनात बसायची शिबिरं केलेली, रोज पहाटे वंदना, पंचशील तोंडपाठ आणि वागण्यातही. सरांना ‘जयभीम’ करायच्या, मला ‘राम राम शेठजी’. मौनाच्या बाबतीत सरांपेक्षा कडक. एकदा बँकवाल्या साहेबांच्या पायात बाभळीचा काटा भरला आणि ते “अगागागा” करून ओरडले. विहिरीवर पोचल्यावर सिस्टरबाईंनी पिनेनं काटा काढून दिला, जखम पुसली, आणि म्हणाल्या, “काटा पायात गेलता ना साहेब? मंग तोंड काऊन उघडलं?”

आता शेपटाचं काम सांगतो. सर माणसं मोजत नसत. म्हणायचे, मोजलं की माणसांची मेंढरं होतात. कोणाला मधूनच घरी वळायचं असेल तर खुशाल वळावं, विचारायचं नाही. नालवाडीतली दोघं-तिघं तशी वळायचीही. फक्त सगळ्यांच्या मागं एक माणूस ठेवायचा. त्यानं कोणाच्या पुढं जायचं नाही. पुढचा थांबला तर थांबायचं, बसला तर लांब उभं राहून वाट बघायची. विहिरीपाशी शेपूट शेवटी पोचायचं आणि म्हणायचं, “मागं कोणी नाही.” त्या दिवसाचा पहिला शब्द तो. तो ऐकल्याशिवाय कोणी बोलायचं नाही. सगळ्या फेरीची भिस्त त्या एका वाक्यावर.

शेपूट व्हायला कोणी फारसं तयार नसे, कारण चाल फार हळू पडते. मी आपणहून पुढं आलो. सर खूश झाले. “शेठजींना आता गोडी लागली,” असं सगळ्यांसमोर म्हणाले.

मला गोडी लागली होती ती खर्र्याची. म्हणजे सुटलीच नव्हती. बायकोसमोर, डॉक्टरांसमोर खर्रा सोडून दीड वर्ष झालं होतं. खरं तर महिनाभरही सुटला नव्हता. आणि शेवटी चालणाऱ्या माणसाचं तोंड कोणाला दिसत नाही.

आधी नुसती चिमूट खिशातून आणायचो. मग लक्षात आलं की नाल्याच्या अलीकडून डांबरी रस्ता सरळ विहिरीकडच्या बाजूला जातो. आमची वाट माळाला वळसा घालून येते, रस्त्यानं दहा मिनिटांत पोचता येतं. आणि त्या रस्त्यावर एक पानठेला सकाळी सहालाच उघडतो. नाल्यापाशी रांगेतून सुटायचं, ठेल्यावर ताजा खर्रा घोटून घ्यायचा, निवांत चघळायचा, मग विहिरीजवळच्या घाणेरीच्या जाळीआड उभं राहायचं. शेवटचा माणूस पुढं गेला की लवंग दाताखाली धरून त्याच्या मागून निघायचं.

गंमत म्हणजे ठेल्यावरही मी मौन पाळायचो! एक बोट दाखवायचो. ठेलेवाला पन्नी घोटता घोटता म्हणायचा, “काय शेठजी, आजबी उपास हाय काय बोलायचा? बोलत काई नाई, पण खाते बराबर.” त्यावर मी हसायचो आणि दुसरं बोट दाखवायचो. असं चार-पाच रविवार चाललं. काही झालं नाही. काही होत नाही, त्याचीच सवय लागते.

तो रविवार संक्रांतीच्या आसपासचा. गारठा चांगला होता. सिस्टरबाई आदल्या रविवारीच म्हणाल्या होत्या, पुढच्या वेळी तिळाचे लाडू आणते. त्या बहुतेक शेवटून दुसऱ्या, माझ्या पुढं असायच्या, कारण एखाद्या कोळ्याच्या जाळ्यासमोर उभ्या राहिल्या की पाच-पाच मिनिटं हलायच्या नाहीत. त्या दिवशीही नाल्याच्या अलीकडे त्या अशाच उभ्या होत्या. माझी सुपारीची तल्लफ आणि त्यांचं जाळं. मी थोडा वेळ थांबलो. मग वळलो आणि रस्त्यानं चालता झालो.

जाळीआड उभा होतो तेव्हा एकेक जण समोरून गेला. शेवटी एका शाळेच्या रिटायर मोठ्या बाई गेल्या. त्यांच्या मागं सिस्टरबाई यायला हव्या होत्या. थोडा वेळ वाट बघितली. वाटलं, घरी वळल्या असतील. वाटलं म्हणजे, वाटून घेतलं. चूळ भरली, लवंग घेतली आणि कट्ट्यापाशी जाऊन म्हटलं, “मागं कोणी नाही.”

मौन सुटलं. बँकवाले साहेब लगेच म्हणाले, “सिस्टर नाई आल्या काय? अन् लाडू?”

सरांनी माझ्याकडे बघितलं. “शेठजी, सिस्टर कुठं राहिल्या?”

“त्या घराकडे वळल्या,” मी म्हणालो. “मी पाहिलं ना.”

मागं कोणी नाही, हे एक वेळ चुकीनं म्हटलं गेलं असतं. ‘मी पाहिलं’ हे चुकीनं म्हणता येत नाही. नंतर गोलात माझी पाळी आली तेव्हा मी टिटवी ऐकली असं सांगितलं. तीही ऐकली नव्हती.

दुपारी बँकवाले साहेब स्कूटरवरून घरी आले. सिस्टरबाई दवाखान्यात होत्या. नाल्यातल्या शेवाळलेल्या दगडावरून पाय सटकला आणि घोट्याचं हाड मोडलं. कशाबशा सरकत त्या वाटेच्या कडेला येऊन बसल्या. आणि दोन तासांहून जास्त वेळ तिथंच होत्या. परतताना आम्ही विहिरीवरून दुसऱ्याच वाटेनं गावात यायचो. कपाशी वेचायला निघालेल्या एका बाईनं त्यांना पाहिलं, तिनं जाऊन माणसं बोलावली. ओरडल्या असत्या तर माळापलीकडे आम्हाला ऐकू गेलं असतं, एवढी ती सकाळ शांत होती.

“ओरडल्या काऊन नाई?” माझी बायको म्हणाली.

का ते मला माहीत होतं. मौनाची फेरी होती, आणि मागून शेपूट येतंच.

दवाखान्यात गेलो. सिस्टरबाईंचा पाय प्लास्टरमध्ये, उशाशी लाडवांचा डबा. सर कोपऱ्यात स्टुलावर. सिस्टरबाईंचा मुलगा, तिशीचा, सरकारी नोकरीतला, रागानं लाल झालेला. तो सरांना बोलत होता.

“साठ वर्षांच्या बाईले रानात सोडून तुमी विहिरीवर पोहे खाऊन राह्यले? माणूस कमी झालं हे कळत नाई? मोजता येत नाई काय तुमाले, प्रोफेसर ना तुमी?”

सर म्हणाले, “चूक माझी आहे. मोजायला पाहिजे होतं. आम्हाला वाटलं त्या घरी गेल्या. यांनी त्यांना वळताना पाहिलं होतं.”

यांनी म्हणजे मी. खोलीत सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सिस्टरबाईंनीही. त्या वळल्या नव्हत्या हे जगात दोनच माणसांना माहीत होतं, आणि ती दोघंही त्या खोलीत होती. मी खिडकीकडे बघितलं.

“हो,” सिस्टरबाई म्हणाल्या. “मी वळली होती घराकडे. मंग वाटलं, लाडू देऊन यावं, म्हणून परत फिरली. तवा पडली. या शेठजीचा काई दोष नाई, सरायचाबी नाई.”

मुलगा सरांना बोलतच राहिला. आपण सुटलो, हे मला त्याच क्षणी कळलं. आणि कसे सुटलो, हे मी नंतरचे कित्येक महिने कुठं ना कुठं आठवत राहिलो. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील ती बाई रोज पहाटे म्हणायची. ते तिनं माझ्यासाठी मोडलं, मोडक्या पायानं, एवढ्या लोकांसमोर.

सरांनी फेरी बंद केली. पुढच्या रविवारी आम्ही नालवाडीच्या टोकाला उभे राहिलो, सर आले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही निम्मेच होतो. बँकवाले साहेब त्यांच्या घरी जाऊन आले आणि म्हणाले, “दार उघडते, बसा म्हणते, अन् मंग काई बोलतच नाई. मी अर्धा घंटा बसलो जी. एवढंच म्हणाले का माझ्यानं माणसं सांभाळली जात नाहीत. वाळून गेले.”

ज्या माणसाकडे रविवारशिवाय आठवड्यात काही नव्हतं त्याचा रविवार मी घेतला होता. हे मला दुकानात, जेवताना, सगळीकडे दिसायला लागलं. तरी तोंड उघडेना. आमच्या घराण्यात पुरुष चूक कबूल करत नाहीत, उधारी सोडून देतात किंवा मिठाई पाठवतात. मीही तेच केलं. सिस्टरबाईंकडे संत्र्यांची पिशवी घेऊन गेलो. आठवड्यानं पुन्हा गेलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, “शेठजी, घरात संत्र्याचा बाजार भरला. आता रिकाम्या हातानं येजो अन् बोलजो.”

मी पिशवी खाली ठेवली.

“मी खोटं बोलली,” त्या म्हणाल्या. “तुमच्यावर उपकार म्हणून नाई बरं. माह्या पोराचा राग मले माहीत हाय. तो तुमच्या दुकानावर येऊन तमाशा करता, अन् वरून जातीपातीचं काई निघतं. म्हणून बोलली. मले वाटलं, मी बोलली, मी भोगीन. पण ते तर जाऊन पडलं सरायच्या डोक्यावर. माह्या पायात प्लास्टर हाय. मले तं काई उठून जाता येत नाई.”

त्यांनी ‘तुम्ही जा’ असं म्हटलं नाही. एक संत्रं सोलून अर्धं माझ्या हातात दिलं.

तिथून मी पायीच सरांकडे गेलो. सर वाळवलेल्या पानांचे जुने कागद जमिनीवर पसरून बसले होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं. ठेला, खर्रा, जाळी, लवंग, सगळं. ‘मी पाहिलं’ हे खोटं होतं, हेही सांगितलं. सर ऐकत राहिले. हातातला कागद त्यांनी खाली ठेवला.

“किती रविवार?” त्यांनी विचारलं.

“चार-पाच. हा धरून.”

“मी महिनाभर रोज नाल्यापर्यंत जाऊन येतोय,” सर म्हणाले. “कुठं चुकलं ते शोधायला. एकदा वाटलं, मी चालताना मागं बघत नाही, तेच चुकलं. तीस वर्षं पोरं घेऊन जंगलात गेलो, एकाला खरचटू दिलं नाही. आता म्हातारा झालो, असं धरून बसलो होतो मी.” त्यांचा आवाज चढला, आयुष्यात पहिल्यांदा मी तो चढलेला ऐकला. “आणि तुम्ही खर्रा चघळत होता!”

मी हो म्हणालो.

जमिनीवरचे कागद गोळा करत ते म्हणाले, “मला एकट्याला सांगून काय उपयोग? कट्ट्यावर सगळ्यांसमोर खोटं बोललात ना? तिथंच सांगा. तुम्ही सांगितलंत तर मी येईन.”

तो आठवडा मला फार मोठा गेला. शनिवारी बायकोला सांगितलं, आधी खर्र्याचं. ती म्हणाली, “खर्रा मले माहीत होता. शर्टाच्या खिशात पन्नी कोण ठेवते, बाप्पा?” बाकीचं सांगितल्यावर मात्र ती पोळी लाटायची थांबली, आणि त्या रात्री माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

बँकवाल्या साहेबांनी निरोप फिरवला होता. रविवारी बरेच लोक आले. सर आले. नेहमीसारखं मौनात चाललो, पण शेपूट साहेब झाले होते, मी मधे होतो. विहिरीवर गोल झाला. मी उभा राहिलो आणि सांगितलं. तीन-चार वाक्यांत. भाषण येत नाही मला. मी रांग सोडून ठेल्यावर जायचो. त्या दिवशीही गेलो होतो. सिस्टर वळताना मी पाहिल्या नाहीत. सरांचा काही दोष नाही.

 मग बँकवाले साहेब म्हणाले, “तरीच! मी म्हणो का शेपटाले लवंगीचा वास काऊन येते?”

दोघं-तिघं हसले. मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्या उठल्या, डबा पिशवीत घातला आणि म्हणाल्या, “माझ्या मागं तुम्ही आहात असं समजून मी चालत होते. लाज वाटली पाहिजे.” आणि घरी गेल्या. त्या सहा महिने माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि ते बरोबरच होतं. सर तेवढ्यात उठले आणि विहिरीत डोकावून बघत म्हणाले, “पाणी बरंच खाली गेलंय.” मग सगळे विहिरीत बघायला गेले. झालं. पुढच्या रविवारी सर आमच्या आधी येऊन उभे होते.

इथवरचं फेरीतल्या लोकांना माहीत आहे. एक गोष्ट मी तेव्हाही सांगितली नाही. ‘सिस्टर वळल्या नाहीत’ असं सरळ म्हटलं असतं, तर त्या दवाखान्यात खोटं बोलल्या हे उघड झालं असतं. म्हणून मी ‘मी पाहिल्या नाहीत’ एवढंच म्हणालो. लोकांनी आपला अर्थ लावला. ‘वळली होती’ असं बाई दुखण्यात बरळली असेल, वय झालं. सिस्टरबाई काठी टेकत परत फेरीला यायला लागल्या तेव्हा साहेब त्यांना चिडवायचे, “सिस्टर, आज घरी वळल्या का नाई, ध्यानात ठेवा बरं!” त्या हसायच्या. मीही हसायचो. त्यांच्या डोक्यावर एक न केलेली भूल ठेवून मी हसायचो. आणि त्यांचा मुलगा सरांना रस्त्यात ओळख दाखवत नसे.

खर्रा त्यानंतर सुटला, खरंच सुटला. फेरी पुढं बरीच वर्षं चालली. सिस्टरबाईंच्या काठीमुळं सगळ्यांनाच आणखी हळू चालावं लागायचं, दीड तासाचे दोन तास झाले. केळझरच्या टेकडीवर वर्षातून एकदा जायचो तेव्हा त्यांना खुर्चीत बसवून चढवायचो, दोघं पुढून, दोघं मागून. मागच्या दोघांत मी ठरलेला. मी शेपूट पुन्हा कधी झालो नाही. कोणी म्हटलंही नाही, मी मागितलंही नाही. त्या वर्षांइतकी शांत झोप मला आधी लागली नव्हती आणि नंतरही लागली नाही. चूक केलेल्या माणसाला असं सुख लाभावं की नाही, मला ठाऊक नाही. मला लाभलं.

हे लिहायचं ठरवलं तेव्हा सिस्टरबाईंना विचारायला गेलो. आता त्या पंच्याहत्तरीकडे आलेल्या, सर ऐंशीच्या घरात. दोघांचंही चालणं अंगणापुरतं. मी म्हटलं, “दवाखान्यातलं तुमचं बोलणं लिहू का? तेवढं सोडून लिहिलं तर पुन्हा खोटंच होईल.”

“लिहा,” त्या म्हणाल्या. “शील मोडलं म्हणून मी त्याच महिन्यात विहारात जाऊन बसली, ते माह्यं झालं. तुमचं तुमी लिहा. नाव टाकू नका. अन् मी नाल्यात रडली असं काई लिहू नका, मी रडली नाई.”

“बरं.”

“पण लिवाच्या आधी याले सांगा,” त्या म्हणाल्या. मुलगा नुकताच ऑफिसातून आला होता, बाहेर मोटारसायकल लावत होता. आता त्याचेही केस पांढरे झालेत. “म्या कधी सांगितलं नाई. मीच खोटं बोलली, मीच कशी सांगू? तुमी सांगा.”

तो आत आला. “राम राम काका,” म्हणाला. मी त्याला बस म्हटलं आणि सांगितलं. ह्या वेळी सगळं सांगितलं, त्याच्या आईनं माझ्यासाठी काय केलं ते धरून. तो आईकडे बघत होता, माझ्याकडे नाही. मी तमाशाची वाट बघत बसलो. आयुष्यात ज्याला भ्यालो तो तमाशा एकदाचा होऊन जावा, असंही वाटलं.

 मग त्यानं विचारलं, “सर कुठं राह्यते आता?”

“तिथंच. त्याच घरी.”

“मी त्यायले प्रोफेसर ना तुमी, असं म्हणलं होतं,” तो म्हणाला. “मोजता येत नाई काय, म्हणलं होतं.”

त्यानं काढलेले बूट पुन्हा पायात घातले. आई म्हणाली, “अरे च्या तं घेऊन जाय.” त्यानं हातानंच नको म्हटलं. बाहेर मोटारसायकल चालू झाली आणि सरांच्या घराच्या रस्त्याला लागली.

“बसा शेठजी,” सिस्टरबाई म्हणाल्या. “च्या होऊन राह्यला. त्याच्या वाटचाबी तुमीच घ्या.”